फॉर्मवरचं घरकाम

आमच्या कारखान्याचे मालक, सेठजी, गेले. स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या, म्हणून बोईसरच्या कारखान्यातली मंडळी दोनदा येऊन गेली. मुखपृष्ठावर सेठजी आणि पाड्यावरची एक बाई असा फोटो घेतलाय. मधे दुभाषा म्हणून मी, दात काढून हसतोय. तो फोटो मला बघवत नाही. सेठजींमुळे नव्हे, माणूस खरंच चांगला होता. शिसारी येते ती माझीच.

पाय गमावलेल्यांसाठी त्यांनी मनोरला शिबिर घेतलं होतं. मला पाड्यांवरची बोली येते, म्हणून कारखान्याने फॉर्म भरायला पाठवलं. फॉर्मवर 'काम' असा रकाना होता आणि त्यावरून कृत्रिम पाय ठरायचा. शेतीवाल्यांना चिखलात चालणारा, बाकीच्यांना हलका, बुटाचा. गर्दी होती, उकडत होतं. सगळ्या बायकांच्या नावापुढे मी न विचारता 'घरकाम' लिहून मोकळा झालो.

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, संपल्यावर सेठजी स्वतः बघायला आले. हारतुरे नकोत म्हणाले आणि त्या वयात चिखल तुडवत पाड्यावर चढले. फोटोतली ती बाई, साप चावून पाय गेलेली, दारात बसली होती. मला म्हणाली, "दादा, हा पाय चिखलात रुततो, निंगत नाय. औंदा आवनीला पोरीला लावली, तिची शाला सुटली. चिखलाचा पाय मिलल का?"

"क्या कह रही हैं?" सेठजींनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर फॉर्म बाहेर निघाले असते, आणि त्यावरचं माझं अक्षर. मी म्हणालो, "कह रही हैं, आपका उपकार कभी नहीं भूलेंगी."

ते ओशाळले. "उपकार काहे का? पैर ठीक है ना, पूछिए. नहीं तो बदलवा देंगे."

मी तिला काहीच विचारलं नाही. नुसती मान डोलावली. तेवढ्यात फोटो निघाला.

सेठजी जीपकडे वळले. मी मागोमाग निघालो, तशी ती हळूच म्हणाली, "दर साली विटांच्या भट्टीवर जातो आमी, दादा. मना हिंदी बोलता नाय येत, पन समजतं."

जीप पंधरा पावलांवर होती. सेठजी माझ्यासाठी दार उघडं धरून उभे होते. तेव्हाही सांगता आलं असतं. थू माझ्या जिंदगानीवर, मी गुमान जाऊन बसलो.

मनोरला जेवणाची सोय केली होती. मी दोनदा भात मागून घेतला.