एकट्यानं बघायचं न्हाई

मी आज पदवीधर आहे, शिक्षक आहे आणि डोकं शाबूत ठेवून जगतो आहे. यात सगळ्यात मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंचं नाव घेतो. नाव म्हणजे नुसतं 'बाई'. शाळेत इतरही बाई होत्या, पण त्यांना आडनावं होती. मैदानावर कोणी 'बाई आल्या' एवढंच म्हटलं की पोरं आपापली डोकी हाताने झाकून घ्यायची.

कारण बाई आधी मारायच्या आणि मग विचारायच्या. मुठीत शिट्टी धरून डोक्यावर टोला, आणि वर, "एनायतु रे?" बाई मूळच्या निलंग्याकडच्या. राग आला की त्यांच्या तोंडून सीमेवरचं कानडी निघायचं. एनायतु म्हणजे काय झालं. नायगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत पोरांना कानडीतलं तेवढंच येत होतं, आणि तेही डोकं चोळत शिकलेलं.

तुमच्याही शाळेत असं कोणीतरी असेल. साडीखाली पांढरे बूट, आवाज मोंढ्यात धान्याचा लिलाव पुकारणाऱ्या सौदागरासारखा. कबड्डीत गुडघा फुटला की बाई आधी थप्पड द्यायच्या, मग हळद लावायच्या. थप्पड पडल्याबद्दल आणि हळद उठल्याबद्दल, असा त्यांचा हिशोब होता. मुख्याध्यापकसुद्धा त्यांच्याशी बोलताना दोन पावलं मागे उभे राहायचे.

मी दहावीत होतो. आमच्या कबड्डीच्या संघाने तालुक्याच्या गावातल्या संघाला हरवलं होतं. त्या आनंदात मी कप हातात धरलेला माझा फोटो मोबाईलवर स्टेटसला टाकला आणि वर लिहिलं, 'सांगा सगळ्यांना, बाप आलेत.' तेव्हा सगळी पोरं असंच काहीतरी लिहायची. कोणी वाघ व्हायचा, कोणी बाप.

दोन-तीन दिवसांनी नायगावला एसटी स्टँडच्या मागे हरलेल्या संघातल्या चौघांनी मला गाठलं. पहिला फटका मानेवर बसला. पडलो तशी पोटात लाथ आली. एकाने केस धरून माझं तोंड डांबरावर घासलं. दुसऱ्याने कमरेचा पट्टा काढला होता. त्याचं बक्कल कानाला लागलं आणि कान फुटला.

"म्हन, तुम्ही आमचे बाप."

मी म्हटलं.

"जोरात म्हन की. घरी जेवत न्हाईस का?"

जोरात म्हटलं.

"आता मोबाईलात बघून म्हन."

तेव्हा मला कळलं की शूटिंग चालू आहे. मोबाईल धरून संगमेश उभा होता. आमच्याच संघातला, माझ्याच बाकावर बसणारा, किराणा दुकानवाल्यांचा पोरगा.

मार थोड्या वेळात संपला. व्हिडिओ काही संपेना. संध्याकाळपर्यंत तो गाणं लावून सगळ्या ग्रुपवर फिरला. माझा बाप मोंढ्यात हमाली करायचा. तिथे पोत्यावर बसलेल्या कोणीतरी त्याला मोबाईल दाखवला, "मामा, हे तुजंच पोरगं का?" बाप घरी आला आणि त्याने मला चपलेने मारलं. मारून दमल्यावर म्हणाला, "मार खाल्लास तर खाल्लास, फोटूत कशाला खाल्लास?"

मी शाळा बंद केली. गोधडीत शिरून तोच व्हिडिओ बघत राहिलो. खालची हसणारी तोंडं बघायची, कोण काय लिहून राहिलं ते वाचायचं, आणि परत पहिल्यापासून लावायचा. दर वेळी वाटायचं, या वेळी मी उठेन. जेवण जाईना. झोप लागली की डांबराचा वास यायचा. मग हळूहळू त्या चौघांचे चेहरे पुसट झाले आणि डोक्यात एकच उरला, मोबाईल धरणारा. परकी माणसं मारणारच. पण आपला माणूस उभा राहून शूटिंग करतो?

एका सकाळी मी ऊस तोडायची कत्ती दप्तरात घातली आणि शाळेत गेलो.

संगमेश मैदानावर वाकून चुन्याच्या रेघा आखत होता. मी मागून गेलो. वार त्याच्या मानेवर केला होता. लागला तो बाईंच्या तळहाताला. त्या कुठून आल्या, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी कत्ती पात्यासकट धरली, पिरगाळून काढली आणि दूर फेकली. मग त्याच हाताने माझ्या कानफटात दिली. माझ्या गालावरून रक्त ओघळलं, ते त्यांचं होतं. चुन्याची रेघ लाल झाली. संगमेश पळायला लागला तर त्यालाही कॉलर धरून ओढला आणि एक ठेवून दिली.

आम्हा दोघांना त्यांनी खेळाच्या सामानाच्या खोलीत ढकललं. हाताला दस्ती गुंडाळली, दातांनी गाठ मारली आणि मला म्हणाल्या, "काढ त्यो व्हिडिओ."

"नको बाई. लई बारी बघितला."

"एकट्यानं बघितलास. म्हनून तर कत्ती घिऊन आलास. एकट्यानं बघायचं न्हाई. लाव. आवाज बंद कर."

आवाज बंद केल्यावर गाणं गेलं, हसणं गेलं, शिव्या गेल्या. उरली चार पोरं आणि धूळ. बाई तो व्हिडिओ कबड्डीतली एखादी चढाई बघावी तशा बघत होत्या. "थांबव. मागं घे. हां, इथं बघ. दोन्ही हातांनी डोकं झाकलंस. चांगलं केलंस. न्हाईतर डोळा गेला असता."

त्या जागी मला तोवर फक्त एक भित्रा पोरगा दिसत आला होता.

"आता हे बघ. लाथ बसली की चित्र हालून राहिलं. परत बसली, परत हाललं. का रे संगमेश? तुला कोन मारत हुतं?"

संगमेश भिंतीला टेकून खाली बसला. "बाई, मोबाईल त्यांचाच हुता. म्हनले, धर, न्हाईतर तुजी बी पाळी. मी धरला. हात थांबना झाला."

"मंग मला येऊन का न्हाई सांगितलास?"

"भ्यालो बाई."

"ह्यो बी भ्याला, तू बी भ्यालास," बाई म्हणाल्या. दस्तीतून रक्त ठिबकत होतं. मग माझ्याकडे वळून, "आन तू कत्ती कोनाला मारून राहिला रे?"

मी ओक्साबोक्शी रडलो. संगमेशही. बाईंनी डोक्यात टोला घातला नाही, एवढ्यावरूनच मी समजलो की त्या घाबरल्या होत्या.

दवाखान्यात त्यांनी पत्रा लागला म्हणून सांगितलं. नंतर माझ्या बापाला घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या. चौघांना आणि त्यांच्या आईबापांना तिथे बोलावलं होतं. बाईंनी त्या पोरांना बोटसुद्धा लावलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकराला मी कशाला मारू?"

मग सुरू झाली त्यांची फेरी. बाजाराच्या दिवशी एका हाताला पट्टी बांधून बाई गावभर फिरल्या. सलून, हॉटेल, मोबाईलचं दुकान. "काढ मोबाईल. हाय का त्यो व्हिडिओ? पूस." हे चित्र मी विसरू शकत नाही. मिशा पांढऱ्या झालेली माणसं पाढे न आलेल्या पोरांसारखी खाली मान घालून मोबाईल काढत होती. हॉटेलात एकजण म्हणाला, "बाई, सगळेच बघून राहिले, माझ्याच मागं का लागलाव?" बाईंनी त्याच्या हातातला मोबाईल घेतला आणि उकळत्या चहाच्या पातेल्यात सोडला. "आता न्हाई बघणार," म्हणाल्या. हॉटेलवाला पातेल्याकडे बघत राहिला. त्या पातेल्याचा चहा त्या दिवशी कोणी प्यायला नाही.

मोंढ्यात माझा बाप पाठीवर पोतं घेऊन चालला होता. त्याच्यापुढे मात्र त्यांचा आवाज उतरला. "मामा, आज पोराजवळ बसून जेवा." बाप त्या रात्री माझ्या ताटाजवळ येऊन बसला. स्वतःच्या ताटातली अर्धी भाकर माझ्या ताटात ठेवली.

त्यानंतर सराव संपला की बाई मैदानाच्या कडेच्या लोखंडी रोलरवर बसायच्या. ज्याला मोबाईलवर काही वाईट आलं असेल त्याने तिथे जायचं. कोणाला धमकी यायची, कोणाला शिव्या. मुलीही यायला लागल्या. एकीचा चेहरा कोणीतरी भलत्याच फोटोवर चिकटवला होता. बाई आधी कुंपणापर्यंत जाऊन एकट्याच शिव्या देऊन आल्या, मग तिच्याशेजारी बसल्या. कोणाला ब्लॉक करायचं, तक्रार कुठे करायची, यातलं त्यांना फारसं येत नव्हतं. ते संगमेशने शिकून घेतलं आणि तो शेजारी उभा राहून करून द्यायचा. बाईंचं काम फक्त बघणं. आलेल्या लेकराला त्या कधी मारत नसत. "दाखवलास, बरं केलंस," एवढंच.

त्यांच्या त्या हाताची दोन बोटं पुढे नीट मिटली नाहीत. शिट्टी डाव्या मुठीत आली आणि टोले थोडे हलके झाले. पोरं म्हणायची, तुझ्यामुळं आमची डोकी वाचली. मी हसायचो आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहायचो.

बाई निवृत्त होऊन निलंग्याजवळच्या आपल्या गावी गेल्या. त्यांच्याकडे साधा फोन आहे आणि हल्ली त्यांना त्यावरचं नीट ऐकू येत नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

बाई, नमस्कार.

मी लातूरच्या शाळेत रुळलो आहे. आठवी-नववीला गणित शिकवतो. मी मुलांना मारत नाही. हे वाचून तुम्ही नाक मुरडाल, पण तुमच्यातलं तेवढंच मी घेतलं नाही.

परवा मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी मोबाईल घेऊन आली आणि दारातच थांबली. माझा तो व्हिडिओ कोणीतरी नवं गाणं लावून परत टाकला आहे. वर्गातल्या पुष्कळ मुलांनी बघितला म्हणे. ती म्हणाली, "सर, ह्ये तुमीच का?"

खोटं सांगत नाही, आधी वाटलं, नाही म्हणावं. मी हो म्हटलं. खुर्ची ओढून तिला बसवलं आणि आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत बघितला. मग तिने विचारलं, "सर, लई लागलं हुतं का?"

त्या व्हिडिओखाली आजवर किती लोकांनी काय काय लिहिलं. हे एवढं कोणी विचारलं नव्हतं, बाई. मी म्हणालो, "हो. लई लागलं होतं." तिने तिची पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

घंटा झाली. पुढचा तास तिच्याच वर्गावर होता. मी खडू घेतला आणि गेलो. मुलं उठून उभी राहिली. नेहमी मागच्या बाकांवरून थोडा गोंधळ असतो, त्या दिवशी नव्हता. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि सोडवायला कोण येतं म्हणून विचारलं. बरेच हात वर आले.

तुमचा विद्यार्थी