न हलणारी बेटकुळी

जगूसरांनी आयुष्यात कुणाला नमस्कार केला नाही. समोर माणूस आला की ते त्याचा दंड चिमटीत धरायचे, दोनदा दाबायचे आणि मग ठरवायचे की याच्याशी बोलायचं की नाही. दंड मऊ लागला की "कणीक हाय नुसती," असं म्हणून तोंड फिरवायचे. नमस्कार-चमत्कार हे त्यांच्या मते दुबळ्यांचं काम होतं.

उस्मानपुऱ्यात आमच्याच गल्लीत त्यांची व्यायामशाळा होती. शर्टाच्या बाह्या थंडीतही काखेपर्यंत दुमडलेल्या. चालायचे ते दोन्ही बगलांत कलिंगडं धरल्यासारखे. माणसाच्या हातात त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे बेटकुळी. कोपर वाकवलं की दंडावर उडी मारून वर येते ती. दंडाच्या मागेही एक स्नायू असतो आणि हात सरळ करायचं काम तो करतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "मागचं कोण बघतं? फोटो समोरून निघतो," असं ते पोरांना सांगायचे. पोरांचे हात फुगायचे, पण कोपरं काही पुरती सरळ व्हायची नाहीत. सरांचीही होत नसत. तरी या माणसाला गल्लीत हाडांचा जाणकार म्हणायचे. लोकांना काय, दंड बघितला की अक्कल दिसते.

माझी थोरली बहीण शेंद्र्याला एका कारखान्यात वायरिंग जोडायची. बारीक कामाला तिच्यासारखा हात तिथं कुणाचा नव्हता, आणि ताईला त्याचा लई अभिमान. एकदा स्कूटरवरून पडली आणि उजवं कोपर निखळलं. दवाखान्यात ते जागेवर बसवलं, प्लास्टर घातलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं की हात तुमचा तुम्ही हळूहळू हलवा, मालीश करू नका, कुणाला ओढू देऊ नका. पण आखडलेला हात दोन दिवसांत कुठं सुटतो? कारखाना काही थांबणार नव्हता. आईनं धीर सोडला आणि जगूसरांना घरी बोलावलं.

मी तेव्हा नांदेडला फिजिओथेरपी शिकत होते. मला कुणी कळवलं नाही, कारण मी नको म्हणणार हे दोघींना ठाऊक होतं. रोज सकाळी सर यायचे, तेल कोमट करून घ्यायचे, अंगठ्यांनी कोपराच्या वरचा भाग रगडायचे आणि मग हात ओढायचे. ताई ओरडली की त्यांचं एकच वाक्य: "दुखतंय म्हंजे खुलतंय." आई शेजारी बसून ताईचे डोळे पुसायची.

सुट्टीत घरी आले तेव्हा सर ओसरीवरच होते. मला बघून खुलले. ताईचा हात माझ्यापुढं धरून म्हणाले, "तू शिकती ना हातापायाचं? हे बघ. बेटकुळी आली पोरीला! आता कोपर बी येतंय मागनं."

कोपराच्या जरा वर खरंच फुगवटा होता. मी बोट लावलं. दगड. ताईला हात वाकवायला सांगितला. हात वाकेना आणि तो फुगवटा जागचा हलेना. बेटकुळीच्या खाली, थेट हाडाला चिकटून आणखी एक स्नायू असतो. कोपर वाकवण्याचं खरं कष्टाचं काम तो करतो, पण वरून दिसत नाही, म्हणून सरांच्या जगात तो नव्हताच. कोपर निखळलं की तोही दुखावतो. त्याला रगडलं, ओढलं की त्या मांसात हाड धरायला लागतं. या माणसानं माझ्या बहिणीच्या स्नायूचं हाड करून ठेवलं होतं आणि वर शाबासकी मागत होता.

एक्स-रे बघून डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "मालीश कुणी केलं?" पुढं शस्त्रक्रिया झाली, हात थोडा सुटला आणि पुन्हा आखडला. काटकोनाच्या जरा पुढं येऊन थांबला तो कायमचाच. तोंडापर्यंत घास जात नाही, खाली सोडला तर सुटत नाही. नोकरी गेली. ताई डाव्या हातानं जेवायला शिकली. आईनं त्यानंतर पंगतीला जाणंच सोडलं.

मी सरांना जाब विचारायला गेले. ते एका पोराचा दंड टेपनं मोजत होते. वळूनही न बघता म्हणाले, "तुझी बहीण नाजूक. रडून अर्धवट सोडलं तिनं. माझ्या हाताला नाव ठेवायचं नाय." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता रागही येत नाही, किळस येते. चुकलं म्हणायला लागतो तो स्नायू या माणसानं कधी वापरलाच नव्हता.

गेल्या वर्षी जगूसर हृदयविकारानं गेले. छातीच्या आत काय असतं, तेही त्यांना ठाऊक नसावं. व्यायामशाळेत शोकसभा झाली. फ्लेक्सवर त्यांचा फोटो होता, अर्थातच बेटकुळी काढलेला. त्यांच्या हाताला कसा गुण होता, ते एकेक जण उठून सांगत होता. ताई म्हणाली, जाऊ या. मला नवल वाटलं, पण गेले.

रांगेनं फुलं वाहून लोक हात जोडत होते. ताईची पाळी आली. तिचा उजवा हात नेहमीसारखा छातीसमोर उभा होता, अर्धा नमस्कार घातल्यासारखा. आता त्या हाताला नमस्कारच काय तो नीट जमतो. डावा हात नेऊन टेकवायचा, बस्स. सगळे तिच्याकडे बघत होते.

ताईनं फोटोकडे नीट बघून घेतलं. डावा हात तिनं खालीच ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चल, झालं माझं."