वीतभर अंतरावरचा बॉल

आमच्या गोल्फ क्लबाची पाटी अंबड रस्त्यावरून दिसते. तिच्यामागचं मैदान मात्र कुणीतरी दाखवावं लागतं. मुरमाड जमीन, जागोजागी कुसळं, एका बाजूला मोसंबीची बाग आणि दुसऱ्या बाजूला वडीगोद्रीकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. टीव्हीवर दिसते तशी हिरवळ शोधायला कुणी येऊ नये. जिथे घरच्या नळाला पाणी कधी येणार हे विचारायचं लोकांनी सोडून दिलंय, तिथे गवताला कोण पाणी पाजणार? म्हणून होलच्या भोवती आम्ही वाळू पसरतो, तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल कालवतो आणि रोलर फिरवून ती सपाट करतो. याला सगळे मोठ्या अभिमानाने 'ब्राऊन' म्हणतात. नवरा सकाळी गोल्फ खेळून आला की गॅरेजात गाडीखाली झोपून आला, हे बायकोला वासावरून सांगता येत नाही.

होल सहा. खरे अठरा लागतात, म्हणून त्याच सहाला तीन फेऱ्या मारायच्या आणि घरी जाऊन 'अठरा होल खेळलो' म्हणायचं. सभासदांच्या टोप्या परदेशी, हातमोजे परदेशी, बॅगा तर अशा की त्यात माणूस उभा राहील. या खेळाला लागणारं सगळं त्यांच्याकडे आहे, खेळ सोडून. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण कुणी केली कोण जाणे. आमचं अंगण खरंच वाकडं आहे, ही त्या लोकांची केवढी सोय!

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमचे हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. ते पहाटे उठून नेमके कुठे जातात हे बघायला म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर गेले, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथे बॉल सरळ मारणारं कुणी नाही. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडण्यात माझं आयुष्य गेलेलं. हात हलणं मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यात चौथी झाले.

बाकीचे दोघं ह्यांचे जुने मित्र. एक बियाणेवाले, स्टेशनजवळ त्यांचं बियाण्यांचं मोठं दुकान. दुसरे सळईवाले, लोखंडी सळयांचे व्यापारी, घरात उर्दू आणि आमच्यात मराठी बोलणारे. होलमध्ये बसवलेले पाइपाचे तुकडे त्यांनीच आणून दिलेले. त्यामुळे आमच्याकडे बॉल आत पडला की 'टण्' असा आवाज येतो. पार मोसंबीच्या बागेपर्यंत जातो. त्या मैदानावर चांगली म्हणावी अशी ही एकच गोष्ट.

आणि गंमत अशी की तो आवाज फार क्वचित ऐकू यायचा. कारण 'दिला'.

'दिला' म्हणजे असं. बॉल होलच्या अगदी जवळ आला, आता चुकणं शक्यच नाही, तर समोरच्या जोडीने 'दिला' म्हणायचं. मग बॉल उचलायचा, तो आत गेला असं धरायचं. जगभर ही पद्धत आहे म्हणे. पण 'अगदी जवळ' म्हणजे किती, याला आमच्या मंडळींनी जो ताण दिला तो रबरालासुद्धा सोसला नसता. आधी वीतभर होतं, मग हातभर झालं, मग काठीभर. एकदा बियाणेवाले पार वाळूच्या कडेवरून म्हणाले, "द्या की, भज्यांची वेळ झाली." आणि सळईवाल्यांनी दिला! कारण पुढच्या होलला त्यांना स्वतःला हवा होता. आज तू मला दे, उद्या मी तुला देतो. हरणाऱ्या जोडीने हायवेवरच्या टपरीवर भजी-चहा द्यायचा एवढीच पैज, तरी ही तऱ्हा. शेवटी मीच नियम लावला, की समोरच्या जोडीतल्या दोघांनीही 'दिला' म्हटलं तरच दिला. एकट्याचं चालायचं नाही. मी आणि सळईवाले एका जोडीत, हे आणि बियाणेवाले दुसऱ्या. नियमावर दोघंही मित्र कुरकुरले. हे मात्र म्हणाले, "बराबर आहे."

मागच्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. पाय बराचसा परत आला, हात थोडा. बोलणं आलं, पण एकेक शब्द आडातून ओढून काढल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, मैदानावर न्या, चांगलं आहे. नेलं. लांबचे फटके आता बियाणेवालेच मारत, हे वाळूवरचा छोटा फटका तेवढा मारणार, असं ठरलं.

ठरलं, पण मारू कुणी दिला? हे काठी टेकत बॉलपाशी पोचायच्या आधीच दोघं ओरडायचे, "दिला, दिला!" बॉल कुठेही असो. नियमाप्रमाणे माझाही 'दिला' लागायचा, तोही मी मुकाट्याने देऊन टाकायचे. खाली वाकून बॉलसुद्धा सळईवालेच उचलून द्यायचे. बोलण्याचंही तेच. ह्यांनी 'च' म्हटलं की बियाणेवाले म्हणायचे, "चहा? मागवून राह्यलो ना!" ह्यांना चप्पल म्हणायचं असायचं. वाक्य अर्ध्यात आलं की उरलेलं अर्धं दोघं मिळून पुरं करायचे आणि एकमेकांकडे बघून समाधानाने मान डोलवायचे. ह्यांची मतं, ह्यांच्या तक्रारी, ह्यांची भूक, सगळं त्या दोघांनी आपसात वाटून घेतलं होतं. चांगुलपणा हो! असल्या चांगुलपणाचा मला इतका संताप यायचा की वाळूत काठी आपटावीशी वाटायची. जिवंत माणसाला फोटोत बसवायची घाई झाली होती त्यांना.

घरीही तेच चाललं होतं. मुलगा यायचा तो गाडीची किल्ली लपवायचा, सून अर्धाच कप चहा द्यायची, सांडेल म्हणून. त्यांचंही चुकलं म्हणत नाही. पण एका दुपारी हे खुर्चीत बसून डाव्या हाताने उजवी बोटं उघडत होते, मिटत होते. मी जवळ बसले. ते बोलायला लागले आणि मी तोंड घट्ट मिटून ठेवलं. बराच वेळ लागला.

"टण्... ऐकायचंय," ते म्हणाले. आणि मग, "माझा. मी."

बस. माणसाला दुसरं काही नको होतं. स्वतःच्या हाताने बॉल आत घालायचा होता, आणि त्याचेच जिवलग मित्र रोज सकाळी तो त्याच्या हातून काढून घेत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या होलला ह्यांचा बॉल हातभर अंतरावर होता. सळईवाले म्हणाले, "दिला!"

मी म्हटलं, "मी नाही दिला."

त्या मैदानावर असं कुणी कधी म्हटलं नव्हतं; वरून जाणारे बगळेसुद्धा दचकले असतील. बियाणेवाले माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, अवो काय करून राह्यल्या? त्यांना जमंल का?"

"नाही जमलं तर नाही जमलं. आपल्याला तरी कुठे जमतं?"

"भाभी, आदमी थकून जाईल," सळईवाले म्हणाले. "जाऊ द्या ना, इतकासा तर हाय."

ह्यांनी काठी माझ्याकडे दिली, छोटी बॅट घेतली, डाव्या हाताने उजवा हात तिच्यावर बसवला आणि मारलं. बॉल होलच्या बाजूने निघून गेला. दुसऱ्यांदा मारलं, तेव्हा अलीकडेच थांबला. तिसऱ्यांदा पुन्हा बाजूने. त्या दोघांनी माना दुसरीकडे वळवल्या, जणू कुणी उघड्यावर आंघोळ करत होतं. शेवटी ह्यांनीच हात हलवून होल सोडला. पुढच्याला पुन्हा तेच.

मग काय, नव्या जालन्यात माझी कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. बियाणेवाल्यांच्या बायकोचा फोन आला. आधी मोसंबीचा भाव, मग लोणचं, मग मुद्दा. "तुम्ही शिकलेल्या आहात, मी काय सांगू? पण आजारी माणूस आहे हो. जरा नमतं घ्या." कॉलेजातल्या जुन्या सहकारी बाई देवळात भेटल्या, त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला धीर दिला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. नवऱ्याला चार लोकांत तोंडघशी पाडणारी बाई, अशी माझी ख्याती झाली. आमच्या गावात बातमी ऑटोपेक्षा लवकर पोचते, आणि ऑटोसारखीच वाटेत आणखी माणसं भरत पोचते.

मला त्याचं काही वाटलं नाही, असं म्हणायचं होतं. पण वाटलं. रोज घरी येताना मी गाडी चालवायचे आणि हे खिडकीबाहेर बघायचे, तेव्हा वाटायचं, आपण हे कुणासाठी करतोय? कधीच जमलं नाही तर? पण दुसऱ्या दिवशी पहाटे हे माझ्याआधी उठून बूट घालून बसलेले असायचे. डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्या, पण बसलेले.

असे बरेच दिवस गेले. मग होळीच्या आसपास एका सकाळी, चौथ्या होलवर, ह्यांचा बॉल दोन वीत अंतरावर होता. सळईवाले आता सवयीने "दिला" म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी सवयीने मान हलवली. ह्यांनी मारलं.

टण्.

मोसंबीच्या बागेतलं कुत्रं भुंकलं. आणि त्या दोन शहाण्यांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! बालवाडीत पोराने कविता म्हटल्यावर वाजवतात तशा. "वा वा! शाब्बास! बघा, आलं की न्हाई!" बियाणेवाल्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. ज्यांनी कित्येक आठवडे तो आवाज होऊ दिला नाही, त्यांनाच गहिवर! ह्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. बॉल काढायला स्वतः वाकले, वेळ लावला, काढला, आणि पुसून खिशात टाकला. मी म्हटलं, "चला, पुढचा होल."

शेवटच्या होलला दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. माझा बॉल होलपासून वीतभर. आत गेला की आम्ही जिंकलो, भजी त्यांच्याकडून; नाहीतर बरोबरी, आणि बरोबरीत शेवटी चुकणारी जोडी हरली असा आमचा रिवाज. वीतभर! तिथून तर मी झोपेत घातला असता. बियाणेवाले गहिवरातून अजून बाहेर आले नव्हते. त्यांनी हात उंच केला, "दिला, वहिनी! उचला. आज आनंदाचा दिवस."

मी वाकले. तेवढ्यात ह्यांनी डावा हात वर केला.

"न..." हे म्हणाले.

"नक्की दिला म्हणून राह्यले," बियाणेवाले म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "त्यांना बोलू द्या."

सगळे थांबले. ट्रक गेला. ह्यांच्या ओठाचा उजवा कोपरा हलत होता.

"न्हाई... दिला," हे म्हणाले. "खेळ."

मी हसले. ठीक आहे, म्हटलं, बघाच आता. बॅट धरली. ब्युरेटचा हात. आणि मारताना, का कोण जाणे, माझं लक्ष बॉलवर नव्हतं, हे बॅट मारताना हात कसा मागे घेतात ते मला आठवत होतं. बॉल होलच्या काठावर गेला, तिथून अर्धा फेरा मारला आणि बाहेरच थांबला. आम्ही हरलो.

सळईवाल्यांनी कपाळाला हात लावला. बियाणेवाले पुढे झाले, "वहिनी, हा धरू नका, वाळू खराब हाय, परत मा..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हे म्हणाले, "न्हाई."

आणि मग हसले. आधी डावीकडून, मग उजवी बाजूही मागून आली. मघाचा स्वतःचा टण् ऐकूनही ते इतके खूश झाले नव्हते.

मला राग आला. असा तसा नाही, कानशिलं तापेपर्यंत. वीतभराचा बॉल, त्यावर भजी, आणि वर हा माणूस दात काढतोय! गाडीत बसेपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. गाडी चालू करताना लक्षात आलं, दिवाळीपासून मी ह्यांच्यावर अशी रागावलेच नव्हते.