टरबुजावरची नावं

भातकुलीजवळ नदीच्या रेतीत नत्थुजी टरबुजं लावत. फळ लिंबाएवढं झालं की काट्यानं त्यावर नातवंडांची नावं कोरत. उन्हाळ्यात पोरं अकोल्याहून येईपर्यंत फळासोबत नावही चांगलं फुगलेलं असे.

यंदा नातू एकटाच आला.

“आबाजी, ‘वामन्या’ काहून लिवलं? मी आता मॅट्रिकले बसलो.”

“मंग वामनराव लिवू? इतली जागा हाय काय टरबुजावर? अन् शकुन कुठी हाय?”

“तिचे सासरचे धाडत नाई.”

वामन आपलं टरबूज खाऊन ऊन उतरायच्या आत परतला. पुढच्या साली जमलं तं येईन, म्हणाला. शकुनचं टरबूज विकायला नत्थुजी धजेनात. लेकीबाळीचं नाव बाजारात कसं मांडायचं? ते वेलीवरच उकललं, त्याला मुंग्या लागल्या, आणि नत्थुजी त्या बाजूला फिरकेनासे झाले.