खांदा साडेसतरा

माझ्या मामांना तोंडावर सगळे मास्तर म्हणतात आणि पाठीमागे 'अर्धा इंच'. गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशात स्वतःवर खूश होत असतं, आणि हे मागून म्हणतात, "काढा. डावी बाही अर्धा इंच लांब आहे." गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या हो, कुणाला दिसतंय? झालं! कोट उसवायला आत जातो आणि गिऱ्हाईक नुसत्या शर्टावर घरी.

दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेर कापायचं लांब टेबल, आत चार मशीनं आणि त्यांवरचे चार कारागीर, मधल्या दाराशी माझा लॅपटॉप. वरच्या मजल्यावर मामा राहतात. मामी गेल्यापासून एकटेच. मी त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, अकरा वर्षं इथे मापं लिहिते. हल्ली एकेकट्याचे कपडे कमी आणि गणवेशच जास्त. मामा टेप लावून आकडे ओरडतात आणि मी ते एक्सेलमध्ये भरते.

मामांचे नियम दोन. पहिला, कुठल्याही कामाचं पहिलं माप स्वतःचं. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते. म्हणून ते आधी स्वतःच्या अंगावर टेप लावून बघतात; नेहमीपेक्षा कमी भरलं की टेप बाद. त्यांच्या उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. त्यामुळे आमच्या शीटची पहिली ओळ कायम 'स्वतः'.

दुसरा नियम, फाईल एकच. नवं काम आलं की जुन्या आकड्यांवरच नवे टाकायचे. "जुनं माप हाताशी असलं की माणूस आळशी होतो," ते म्हणतात, "न मोजताच कापतो." प्रत्येक कामाची वेगळी फाईल ठेवूया म्हणून मी डोकं फोडून घेतलं, पण भिंतीशी बोलणं बरं.

आता त्या मंगळवारचं सांगते. फायर ब्रिगेडच्या शहाण्णव जणांचे गणवेश शिवायचे होते. त्यांच्या पाळ्या सांभाळून आम्ही सहा दिवस तिथे जाऊन मापं घेतली. सकाळी दहाला मामा टेबलावर कापड पसरून, खडू हातात घेऊन उभे. "काढ प्रिंट."

मी लॅपटॉप उघडला. तो रात्रीतून आपोआप बंद पडला होता. म्हातारं यंत्र, त्याला ती खोडच आहे. एक्सेल उघडल्यावर डावीकडे कसली तरी यादी आली. ती ठेवायची का, असंही त्याने विचारलं. तेवढ्यात फोन वाजला आणि मी 'नाही' दाबून मोकळी झाले. समोर फाईल आली ती हॉटेलच्या वाढप्यांची. म्हणजे त्याच्या आधीच्या कामाची.

सहा दिवसांत मी एकदाही सेव्ह केलं नव्हतं. नुसतं झाकण मिटत होते. ते आपोआप सेव्ह होतं ना, असं मीच चारचौघांत ऐटीत सांगत असे. आणि जी यादी मी हाकलून दिली, तीच आपोआप ठेवलेल्या प्रतींची होती.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"प्रिंटर गरम होतोय," मी म्हणाले. प्रिंटर गरम व्हायला ती काय इस्त्री आहे? पण मामांना यंत्रांतलं काही कळत नाही, देवाची कृपा.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला आम्ही 'स्क्रू' म्हणतो, कारण प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच्याकडे एक स्क्रू उरतो. त्याला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, "ताई, काही बंद करू नका. फाईलमध्ये जा, इन्फो, मॅनेज वर्कबुक. तिथे न सेव्ह केलेल्या फायली परत मिळतात. दिसतंय काही?"

"रिकामं आहे." माझा आवाज रडवेला झाला होता.

"मग ऑप्शन्समध्ये जाऊन सेव्हवर दाबा. ऑटोरिकव्हरच्या समोर एका फोल्डरचा पत्ता असेल. तो कॉपी करून फोल्डरच्या वरच्या पट्टीत टाका. लपलेलं फोल्डर असतं ते. मशीन मध्येच बंद पडलं की कधीकधी प्रती तिथेच पडून राहतात."

फोल्डर उघडलं आणि आत अकरा फायली! सगळ्यांची नावं सारखी, पुढे कसले कसले आकडे. सगळ्यांत जुनी वर होती. कुठली कशाची ते नावावरून कळेना, म्हणून मी वरून एकेक उघडायला घेतली.

पहिली बस ड्रायव्हरांची निघाली, चौदा महिन्यांपूर्वीची. पहिली ओळ: स्वतः. खांदा साडेसतरा, छाती एक्केचाळीस, कंबर सदतीस. बंद केली. दुसरी नर्सेसची. स्वतः, खांदा साडेसतरा, छाती साडेचाळीस, कंबर छत्तीस. तीही बंद केली. पाचव्या फाईलला कंबर साडेचौतीस होती. मला आपलं वाटलं, टेप ताणली असणार. मामांनी वर्षभरात चार टेपा फेकल्या होत्या. "हल्ली माल चांगला येत नाही," असं दर वेळी कुरकुरत नवी आणायचे.

आठव्या फाईलला कंबर तेहेतीस. आणि खांदा साडेसतरा.

मी थांबले. पुन्हा पहिली उघडली, पाचवी उघडली, आठवी उघडली, शेजारी शेजारी लावल्या. टेप ताणली असती तर खांदाही कमी भरला असता. खांदा सगळीकडे तोच होता. म्हणजे टेप बरोबर होती. चारही टेपा बरोबर होत्या.

शेवटची, अकरावी फाईल फायर ब्रिगेडची. एक्क्याण्णव जणांची मापं त्यात शाबूत होती, फक्त शेवटचे पाच गेले होते. एरवी मी नाचले असते. पण माझं लक्ष पहिल्या ओळीवर होतं. खांदा साडेसतरा, छाती छत्तीस, कंबर साडेतीस.

मी मान वर करून मामांकडे बघितलं. ते टेबलापाशी उभे होते आणि त्यांचा शर्ट अंगावर अगदी चपखल बसला होता. पँटही. तेव्हा मला कळलं की आमच्यापैकी कुणाला काही का दिसलं नाही. दुसरा माणूस वाळला की त्याचे कपडे लोंबतात. हा माणूस रात्री वर जाऊन स्वतःच्या शिवणी आत घेत होता. गाल बसले होते, ते आम्ही वयाच्या खात्यावर टाकले.

"मामा, तुम्ही किती बारीक झालात?"

"टेप ताणली गं."

"मग खांदा का नाही कमी झाला?"

त्यांनी कापडावरची सुरकुती हाताने सपाट केली. मग खाली कापडाकडे बघत म्हणाले, "फाईल मिळाली ना? प्रिंट काढ. हे काम होऊ दे, मग बघू."

"तुम्हाला माहीत होतं."

"जेवण जात नाही नीट. या वयात होतं तसं."

मला असा संताप आला! शाळेच्या मोठ्या बाईंची कंबर दोन इंच उतरली, तर याच माणसाने त्यांना भर दुकानात डॉक्टरकडे जायला लावलं होतं. स्वतःची साडेसहा इंच उतरली तर दोष टेपेला! मी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि तो छातीशी धरला.

"प्रिंट मिळणार नाही. आधी डॉक्टर."

"अगं, शहाण्णव माणसं थांबलीत!"

"थांबू देत. नाहीतर घ्या सगळ्यांची मापं परत."

अकरा वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. मशीनं थांबली, कारागीर दारात आले. मीही ओरडले, आणि ओरडता ओरडता रडले. तेव्हा कुठे त्यांनी खडू खाली ठेवला.

मी कारागिरांना प्रिंट दिली, अकराही फायलींच्या पहिल्या ओळी तारखांसकट वेगळ्या छापून घेतल्या आणि मामांना रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, त्याच दिवशी तपासण्या करायला लावल्या. गुरुवारी आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर बसलो. पोटात गाठ होती. ऑपरेशन करावं लागणार होतं, तेही लवकर.

"किती इंच कापणार?" मामांनी विचारलं.

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांनी माझा कागद समोर ओढला, पेन घेऊन एकेका तारखेवरून खाली आल्या आणि सहाव्या ओळीवर थांबल्या. "इथे आला असतात तर बरंच सोपं होतं," त्या म्हणाल्या. "आता काय काय निघतं ते उघडल्यावरच कळेल. इतकी व्यवस्थित नोंद आहे, तरी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"तिचा दोष नाही," मामा घाईघाईने म्हणाले. "फाईल एकच असते आमची. जुना आकडा राहतच नाही. तिला कुठून कळणार?"

हे ते मला वाचवायला म्हणत होते, आणि मी गप्प बसले असते तर चाललं असतं.

"राहतो," मी म्हणाले. "नवा टाकेपर्यंत जुना तिथेच असतो. अकराही वेळा माझ्या समोर होता, मामा. मीच त्याच्यावर टाइप केलं."