ज्याच्या हातून घेतलं त्याच्याच हातात

डोळ्याचं ऑपरेशन करून लातूरला लेकीकडं पडलो होतो. डॉक्टरनं बजावलेलं, डोळ्यात पाणी येऊ देऊ नका. त्यातच नांदेडहून भाच्याचा, दिनकरचा फोन आला. "मामा, माय गेली..." त्याची माय म्हणजे माझी धाकटी बहीण सुमन. मी रडलो न्हाई. डॉक्टरचं ऐकलं म्हणून न्हाई. राग इतका होता की पाण्याला जागाच उरली नव्हती. तो राग अजून हाय. माझी शाळा तिसरीपर्यंत, लिहिताना हात अडतो, तरी हे दुसऱ्या कुणाच्या हातून लिहून घेणार न्हाई.

सुमन घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. नवरा गेल्यावर सुरू केलं ते मरेपर्यंत. भेटायला आलेला एक शिकलेला माणूस मला म्हणतो, "पोरं सांभाळायच्या ना त्या? वेळ चांगला जात असेल." वेळ जात असेल! कामावर जाणाऱ्या बाया सकाळीच लेकरं आणून द्यायच्या. कुणाला दात येऊन राहिलेत, कुणाचं पोट बिघडलंय, कुणी आईशिवाय डोळा मिटत न्हाई. सुमन प्रत्येकीकडून अंगावरची एक साडी मागून घ्यायची आणि त्या लेकराला त्याच साडीची झोळी बांधायची. "धुतलेली आणू नको," म्हणायची, "लेकराला मायचा वास पाहिजे, साबणाचा न्हाई."

मोठ्या रोडवर एक बोर्डवालं पाळणाघर निघालंय. भिंतीवर हत्ती, ससे, वर कॅमेरे. मालकिणीला एका लेकराचं नाव ठाऊक नसतं, आणि अंग कोमट लागलं की आईला फोन, घेऊन जा. अंगणवाडीच्या बाई जीव लावतात, त्यांना मी बोलणार न्हाई; पण त्यांच्या मागं वजनं, लसी, खिचडी, मोबाईलात माहिती भरणं, आणि दुपारी दाराला कुलूप. मग संध्याकाळपर्यंत लेकरू कुणी बघायचं? ज्या दवाखान्यात मीना नावाची बाई फरशी पुसते, तिथं म्हणे कामगारांच्या लेकरांसाठी वेगळी खोली हाय. मी मुद्दाम जाऊन बघितली. आत सलाईनचे खोके रचलेले! वॉचमन हसून म्हणतो, "बाबा, तपासणीवाले येणार असले की रिकामी करतात."

ही मीना आपली लेक परी सुमनकडं ठेवायची. एकदा मीनाचा नवरा दारू पिऊन पोरीला न्यायला आला. "माझी पोर हाय, दे!" म्हणून दार बडवलं. सुमन आतून म्हणाली, "तुझीच हाय रे. पण मी तिच्या मायच्या हातून घेतली, मायच्याच हातात देईन." त्यानं खिडकीची काच फोडली. हिनं कडी काढली न्हाई. मला सांगताना हसत होती... हा हट्ट आमच्या घरचा.

त्या दिवशी दुपारपासूनच तिच्या छातीत कळ येत होती. बाकीची लेकरं गेली, परी तेवढी राहिली. मीनाचा फोन आला, "मावशी, सुपरवायझर सोडीना, उशीर होईल." ही म्हणाली, "ये सावकाश." दिनकरनं दारात ऑटो आणून लावला. "माय, चल. पोरीला रेखा बघंल." रेखा त्याची बायको, कित्येक वर्षं सुमनच्या बरोबरीनं लेकरांचं करणारी. तर ही म्हणते, "रेखाच्या हातात मीनानं दिलेली न्हाई." घामानं भिजलेली, मांडीवर पोर, तशीच बसून राहिली. मीना धावत आली, पोर तिच्या हातात गेली, तेव्हा ही उठली. दवाखान्याच्या दारातच संपली.

अगं सुमे, रेखा काय परकी होती? पण भांडू कुणाशी? भांडायला तू पाहिजे होतीस.

मी काळा चष्मा लावून नांदेडला आलो, तर घरात माणसं बसलेली आणि मीना पोरीला घेऊन दाराबाहेर उभी. दिनकर सगळ्यांसमोर म्हणाला, "हिच्यामुळं माय गेली." माणसं माना हलवायला लागली. मीना खाली बघत राहिली. मग मला न्हाई राहवलं.

"दिन्या, गप बस! ज्यानं हिला सोडलं न्हाई त्या सुपरवायझरला जाऊन बोल. तुझ्या मायचा हट्ट मोडून तिला उचलून नेणारा पैलवान होता का कुणी या घरात?"

तेव्हा मीना हळू आवाजात म्हणाली, "बाबा, परीला कुठं ठेवू? उद्या कामावर न्हाई गेले तर माझ्या जागी दुसरी लावणार हायेत."

मला काय सुचणार? मी औत धरणारा माणूस. दिनकर तोंड फिरवून बसला. तेवढ्यात बायांतून रेखा उठली, पदराला हात पुसले आणि दारात जाऊन म्हणाली, "साडी आणलीस का?"

दिनकर उठून बाहेर निघून गेला. त्याच्या मनात अजून अढी हाय. पण पाळणाघर चालू हाय.

परवा परत नांदेडला गेलो होतो. मीनाला पुन्हा उशीर झाला आणि परीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मी म्हणलं, "दे इकडं. ऑटो करतो, दवाखान्यात मीनाला नेऊन देतो."

रेखा म्हणाली, "न्हाई, मामा."

"अगं, मी कोण हाय?"

"कुणीबी असा."

तोंडापर्यंत शिवी आली होती. या वयात, सख्ख्या बहिणीच्या घरात, सुनेनं मला पोर देऊ नये? पायरीवर जाऊन बसलो. मीना आली. रेखानं पोर तिच्या हातात दिली, ती गल्लीच्या वळणापर्यंत गेलेली बघितली आणि मग माझ्याकडं वळली.

"चहा ठेवू का, मामा?"

मी म्हणलं, "नको."