रिकिबीतला बूट

आमच्या खोऱ्यात गरुड पाळणारे ढिगाने आहेत. कुणाच्या गरुडाने लांडगा लोळवला, कुणाचा गरुड डेलून गावातल्या गरुडांच्या सणात पहिला आला, या बढाया रोज चहाबरोबर ऐकाव्या लागतात. माझ्या सासऱ्यांचं नाव मात्र गरुडामुळे झालं नाही, बुटांमुळे झालं. ते नाव मी घेणार नाही. आमच्यात सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत; दुसरं कुणी घेईल तेव्हा तुम्हाला कळेलच. मी त्यांना अके म्हणायची, म्हणजे बाबा.

शिकारी म्हणून अके बेताचेच. कोल्हा दिसला की गरुडाच्या डोळ्यांवरची टोपी काढायला त्यांना हमखास उशीर व्हायचा आणि कोल्हा दरीत पसार. त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. घोडा, डोंगर आणि हातावर गरुड, एवढं मिळालं की त्यांचा हिवाळा सार्थकी लागायचा. बूट निवडायचे म्हटलं की मात्र हा मवाळ माणूस एकदम हट्टाला पेटायचा. शुकिरबाय हा आमचा शेजारी, अकेंचा बालमित्र आणि खोऱ्यातला एकुलता एक बूट शिवणारा. अकेंनी त्याच्या अगदी नाकी नऊ आणले होते. उन्हाळ्यात कापलेल्या जनावराचं कातडं नको, त्याला गोमाश्यांनी पाडलेली बारीक भोकं असतात. मानेचं नको, ते सुरकुततं. पाठीचंच हवं, तेही दुमडून उन्हात धरायचं आणि घडीवर रेघ उमटते का ते बघायचं. बूट शिवून झाले की त्यांत काठोकाठ पाणी भरून ते दगडावर उभे करायचे आणि शिवणीला ओल येते का याची वाट बघत बसायचं. शुकिरबाय म्हणायचा, "तुला बूट हवेत की बादल्या, ते एकदा ठरव."

आमचे शिकारीचे बूट गुडघ्याच्या वर येतात आणि आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड मोजा असतो. पायाला घट्ट बसणारा बूट बाजारातल्या पोरांना आवडतो. अकेंना तो बघवत नसे. मोजा घालूनसुद्धा पाय आत थोडा हलला पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ आबेन कुणा सैनिकाकडून मिळालेले चकचकीत, पायाला चिकटून बसणारे बूट घालून शिकारीला गेला. घोडा बर्फावरून घसरला, आबेन पडला आणि पाय रिकिबीत अडकला. बिथरलेल्या घोड्याने त्याला अख्ख्या ओढ्याच्या दगडांतून फरफटत नेलं. "बूट निघाला असता तर पोरगा वाचला असता," अके म्हणाले. 

तेव्हापासून आमच्या अंगणात एक प्रकार सुरू झाला. पहिला बर्फ पडला आणि मंडळी शिकारीला निघाली की घोडे बांधायच्या खांबाला अके एक रिकीब बांधायचे. त्यांच्याबरोबर ज्याला डोंगरात यायचं असेल त्याने बर्फात आडवं पडायचं, पाय रिकिबीत अडकवायचा आणि दोघांनी त्याला काखेत धरून ओढायचं. बूट रिकिबीत राहिला आणि माणूस मोज्यावर बाहेर आला तर तो शिकारीला चालला. नाहीतर घरी बसा. लोक हसायचे, टोमणे मारायचे, पण मुकाट्याने आडवे पडायचे. सगळ्यात शेवटी अके स्वतः पडायचे, आणि त्यांचा पाय लोण्यातून निघाल्यासारखा निघायचा.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिली बोलणी मी खाल्ली ती याच बुटांवरून. नवी सून, अंगात उत्साह फार. अकेंचे भिजलेले बूट मी चुलीशेजारी नेऊन ठेवले. अके आले, त्यांनी बूट उचलले आणि शांतपणे विचारलं, "चामडं काय रोटी आहे, शेकून काढायला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनीच शेजारी बसून शिकवलं. चिखल ओल्या फडक्याने पुसायचा. आत वाळकं गवत कोंबायचं आणि बूट चुलीपासून लांब, गार कोपऱ्यात उभे करायचे. चुलीवर टांगायचे ते फक्त नमद्याचे मोजे. बूट अर्धवट सुकले की मेंढीच्या शेपटाची चरबी कोमट करून तळहाताने चोळायची, शिवणीला जरा जास्त. आणि सकाळी बूट उजव्या-डाव्या पायात बदलायचे. आमचे बूट दोन्ही पायांना सारखेच शिवलेले असतात. रोज बदलले की दोन्ही सारखे झिजतात आणि कुठलाच एका पायाचा होऊन बसत नाही.

संध्याकाळी सासऱ्याच्या पायातले बूट ओढून काढणं हे आमच्याकडे सुनेचं काम. माहेरी असताना मला याचा राग यायचा. इथे मात्र दिवसभरातला तेवढाच वेळ अके माझ्याशी गप्पा मारायचे, म्हणून मी त्या वेळेची वाट बघायला लागले. अपा, म्हणजे माझी सासू, गमतीने त्यांना म्हणायची की बायकोला कधी ऐकवली नाहीस एवढी बडबड तू सुनेला ऐकवतोस. त्या ओढण्यामुळेच जे घरात कुणाला कळलं नाही ते मला कळलं.

त्या शरद ऋतूत डावा बूट निघेना. सकाळी सहज चढायचा, संध्याकाळी मला भिंतीला पाय लावून ओढावा लागायचा. मोजा काढला की घोट्यावर नमद्याची नक्षी उमटलेली असायची आणि बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. अकेंनी बूट बदलणंही सोडलं होतं. जो जरा सैलावला होता तोच रोज डाव्या पायात. मी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दुखणं पायात नाही, काळजात आहे. गोळ्या घ्या, पाय लोंबकळत ठेवून फार वेळ बसू नका. परतताना मी म्हटलं, शुकिरबायकडून मोठे बूट शिवून घेऊ. अके म्हणाले, "कुठल्या मापाचे? सकाळच्या पायाचे की दुपारच्या?"

ते खरंच होतं. सकाळी ढगळ होणाऱ्या बुटातून पाय सहज निसटला असता आणि दुपारी तोच बूट फासासारखा आवळला असता. खोगिरावर अर्धा दिवस पाय लोंबकळल्यावर काय होणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अकेंना सांगायचं कुणी? अपाला सांगू नकोस, असं अकेंनी मला बजावलं होतं. मी सरळ त्यांच्यापाशीच गेले आणि म्हणाले, यंदा नका जाऊ. ते गरुडाला मांस भरवत होते. म्हणाले, "सूनबाई, एक हिवाळा घरात बसलो तर दुसरा बघायला मी राहणार नाही."  त्यांचं म्हणणं मला पटत होतं आणि रात्रंदिवस डोळ्यांसमोर दगडांचा तो ओढा येत होता.

पहिला बर्फ पडला. शुकिरबाय आणि त्याचा पुतण्या मुरागेर उजाडताच आले. अकेंनी रिकीब आधीच बांधून ठेवली होती. म्हणाले, चला, बूट बघून घेऊ, चहा मग. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चहा आधी, मग बूट, मग घोडे, हा ठरलेला क्रम. माझ्या लगेच ध्यानात आलं. सकाळचा पाय बारीक असतो. आता आडवे पडले की बूट निघणार, सगळे हसणार, आणि ते डोंगरात जाणार.

मी दारात उभी राहून शुकिरबायला म्हणाले, "आमच्या घरी पाहुणा उपाशीपोटी बर्फात आडवा पडला, असं खोऱ्यात सांगाल ना?"

शुकिरबायला चहाचं निमित्तच हवं होतं. "दलेलखान, पोर बरोबर बोलतेय," म्हणून तो बूट काढून आत आला, त्याच्यामागे बाकीचे. अके तेवढे बूट न काढता दारापाशी बाकावर बसले, पाय खाली सोडून. पुन्हा काढा, पुन्हा घाला, कशाला, म्हणाले.

आमच्याकडे चहा ओतायचा मान सुनेचा. पाहुणा हवाहवासा असेल तर वाडग्यात दोन घोट ओतायचे. ते संपले की पुन्हा दोन घोट, पुन्हा दोन, म्हणजे माणूस बसून राहतो. भरलेलं वाडगं पुढे केलं तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. त्या दिवशी मी एवढा कमी चहा ओतला की वाडग्याचा तळ जेमतेम झाकायचा. बौर्साक, म्हणजे कणकेचे गोळे, तळले, ते संपल्यावर पुन्हा तळले. शुकिरबायला त्याच्या तरुणपणची गोष्ट विचारली, जी त्याने सुरू केली की बायकोसुद्धा घराबाहेर जाते. गोष्ट रंगली. ऊन खिडकीतून चुलीपर्यंत आलं. अके दोनदा म्हणाले, निघू या. मी दोन्ही वेळा शुकिरबायचं वाडगं भरलं, तळाएवढंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी किटलीकडे.

अंगणात आलो तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. आधी शुकिरबाय पडला, पाठोपाठ मुरागेर; दोघांचेही बूट निघाले. मग माझा नवरा जानिबेक, त्याचाही निघाला. अके रिकीब सोडायला वाकले. मी म्हणाले, "अके, तुम्ही राहिलात."

ते सावकाश बर्फात आडवे झाले आणि डावा पाय त्यांनी स्वतः रिकिबीत अडकवला. उजवा अडकवला असता तर कदाचित निघालाही असता. जानिबेकने आणि मुरागेरने त्यांना काखेत धरून हलकेच ओढलं. बूट हलला नाही.

"घोडा असा ओढतो का?" अके म्हणाले.

दोघांनी जोर लावला. खांब करकरला, रिकीब ताणली गेली, अकेंचा पाय ताठ झाला. बूट होता तिथेच. मुरागेर हसायला लागला होता, तो गप्प झाला. शुकिरबाय पुढे आला, त्याने बुटावरून हात फिरवला, मग गुडघ्याखालचा पाय चाचपला आणि तो तिथेच बर्फात बसला. जानिबेक सगळं माहीत असूनही तोंडावर हात ठेवून उभा होता. अपा दारात आली होती आणि तिला कुणी काही सांगायची गरज राहिली नव्हती.

पाय रिकिबीतून सोडवला, पण बूट काही केल्या निघेना. मी सुरी आणली. अके म्हणाले, "चामड्याला धक्का लावू नकोस. टाके काप." मी खाली बसून मागच्या शिवणीचा एकेक टाका कापत गेले. दर हिवाळ्यात चरबी चोळून जपलेली ती शिवण, माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. बूट उघडला. सुजलेला पाय सगळ्यांनी बघितला.

अकेंनी हातमोजा काढून जानिबेकला दिला आणि गरुड त्याच्या हातावर बसवला. टोपी काढायला उशीर करू नकोस, एवढंच म्हणाले. ते तिघे निघाले आणि कड्याच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत अके बाकावर बसून बघत राहिले. त्यांचा पाय मी माझ्या मांडीवर उचलून घेतला होता. आता हा माणूस माझ्याशी पुन्हा बोलणार नाही, असं मी मनात धरूनच चालले होते.

"आज चहा मुद्दाम कमी ओतलास," ते म्हणाले.

"हो अके."

ते कड्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "उद्यापासून मलाही तेवढाच ओतत जा."